नाक गोंदियाचं, बाटली नाशिकची

वाईन चाखायला शिकवणाऱ्या पुस्तकांत गोंदिया जिल्ह्याचं नाव येत नाही, आणि त्यात पुस्तकांची फारशी चूक नाही. इथे वर्षाला तेराशे मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, बांध्या पाण्याने भरतात आणि त्या पाण्यात धान सुखाने उभा राहतो. द्राक्षाच्या वेलीला असं वागवलं तर ती पहिल्याच श्रावणात प्राण सोडील. वाईनचा महाराष्ट्र पार पश्चिमेला, नाशिक-दिंडोरी-नारायणगावकडे. तिकडे एप्रिलमध्ये एक आणि ऑक्टोबरमध्ये एक अशा दोन छाटण्या करून वेलीकडून वर्षाचं एकच पीक घेतात आणि थंडीच्या अखेरीला द्राक्षं तोडतात. दोन्ही टोकांना जोडणारा दुवा म्हणजे विदर्भ एक्सप्रेस. ती मुंबईहून निघते, नाशिक रोडला थांबते आणि गोंदियाला येऊन संपते. गाडी येते, वाईनचा शौक मात्र नागपूरलाच उतरतो, असा समज आहे. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. घरबसल्या वाईनची पारख शिकायची असेल, तर गोंदिया जिल्ह्यातल्या घराइतकं तयार घर महाराष्ट्रात दुसरीकडे मिळणं कठीण. बाटली तेवढी नाही, बाकी सगळी सामग्री पिढ्यान्‌पिढ्या घरात पडून आहे.

हे पटायला आधी एक गैरसमज काढून टाकावा लागतो. वाईन जिभेने ओळखतात, हे खरं नाही. जिभेला आंबट, गोड, खारट, कडू आणि मांसाच्या रश्श्यात किंवा पिकल्या टोमॅटोत सापडणारी ती पाचवी चव, एवढंच कळतं. बाकी ज्याला आपण चव म्हणतो ते सगळं घशाच्या मागच्या वाटेने नाकात पोचलेला वास असतो. खात्री हवी असेल तर नाक चिमटीत धरून वेलची चावून पाहावी. तोंडात भुसा आल्यासारखं वाटतं, चिमटी सोडली की वेलची हजर होते. म्हणजे वाईनची शाळा ही नाकाची शाळा आहे, आणि नाकाच्या शाळेत गोंदिया जुना विद्यार्थी आहे. गिरण्यांच्या या गावात तांदूळ घेणारा माणूस पोत्यातून मूठभर दाणे काढतो, तळहातावर पसरतो, फुंकर मारून कोंडा उडवतो, मूठ नाकाशी नेऊन माल यंदाचा की गेल्या सालचा ते सांगतो आणि एक दाणा दातांखाली तोडून ओल किती ते बघतो. आधी रंग, मग वास, मग दात, शेवटी भाव. पॅरिसमध्ये याच क्रमाने याच हालचाली करणाऱ्याला लोक कोट घालून उभं करतात आणि त्याच्यापुढे अदबीने बोलतात. इथे त्याला चहाही स्वतःच मागवावा लागतो.

तांदळाची गोष्ट निघालीच आहे तर ती थोडी पुढे नेतो, कारण तिच्यात एक गंमत दडलेली आहे. गोंदियाच्या एका बाजूला बालाघाट, दुसऱ्या बाजूला भंडारा, आणि दोघांकडच्या चिन्नोर तांदळाला भौगोलिक मानांकन मिळालेलं. मधला गोंदिया, जो १ मे १९९९ पर्यंत भंडाऱ्याचाच भाग होता, तो दोन्हीकडचा वास फुकटात घेत बसला आहे. सुवासिक तांदळाला जो वास येतो, त्यामागे मुख्यतः एकच रेणू असतो. त्याचं रसायनशास्त्रातलं नाव इतकं लांब आहे की ते उच्चारेपर्यंत भात निवेल, म्हणून ते सोडून देऊ. कोलकात्याचे शास्त्रज्ञ रतनलाल ब्रह्मचारी यांनी वाघ आपली हद्द आखायला झाडावर जो फवारा मारतो त्याचा अनेक वर्षं अभ्यास केला, आणि त्यांना त्यात हाच रेणू सापडला. नवेगाव-नागझिऱ्याचा वाघ आणि घरातला चिन्नोर एकाच अत्तराचे गिऱ्हाईक निघाले. आता याच रेणूचं तिसरं ठिकाण बघा. वाईन बिघडली की कधीकधी तिला जो एक विशिष्ट दोष लागतो, त्याला जाणकार ‘उंदराचा वास’ म्हणतात, आणि त्या दोषाला जबाबदार धरलेल्या रेणूंत हाही एक आहे. एकच वास ताटात असला की पाहुणे तारीफ करतात, जंगलात असला की गाईड जिप्सी थांबवतो, आणि पेल्यात असला की बाटली परत जाते. वासाला स्वतःची अशी इज्जत नसते, त्याला जागा इज्जत देते, हे ज्याला कळलं त्याचा वाईनचा निम्मा अभ्यास संपला.

उरलेला निम्मा अभ्यास शब्दांचा, आणि इथेच बहुतेक घरांत पुस्तक मिटतं. पुस्तक सांगतं, या वाईनला ब्लॅककरंटचा वास येतो, त्या वाईनला गूजबेरीचा, तिसरीला ओल्या पाटीच्या दगडाचा. गोंदियाच्या बाजारात ब्लॅककरंट फक्त आइस्क्रीमच्या डब्यावर भेटतं आणि त्या डब्यातही ते कितपत असतं ही शंकाच आहे. जे फळ आयुष्यात हुंगलं नाही त्याची आठवण वाईनमधून येणार कशी? बरं, येत नाही असं म्हणायची चोरी. मग माणूस मान हलवतो, शेजाऱ्यानेही हलवलेली असते, आणि दोघं मिळून एका न पाहिलेल्या फळाची साक्ष देतात. यावरचा उपाय खुद्द वाईनवाल्यांनीच सांगून ठेवला आहे. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या विद्यापीठात अ‍ॅन नोबल या प्राध्यापिकेने १९८४ च्या सुमारास वासांचं एक चक्र तयार केलं. ‘भारदस्त’, ‘खानदानी’ असले शब्द तिने बाहेर काढले आणि ओळखता येतील अशा वस्तूंचीच नावं आत घेतली. त्या वस्तू शिकवायला तिने काय वापरलं? किराणा दुकानातल्या गोष्टी: डबाबंद शतावरीचं पाणी, ढोबळी मिरचीचा तुकडा, स्ट्रॉबेरीचा जॅम, हे थोडंथोडं साध्या वाईनमध्ये घालून विद्यार्थ्यांना हुंगायला दिलं. म्हणजे जगभर चालणारं हे चक्र मुळात तिच्या गावच्या बाजाराचं आहे. मग आपण आपल्या बाजाराचं का करू नये?

करायला बसलं तर सामान अपुरं पडत नाही, उलट निवडणं जड जातं. लाल वाईन प्यायल्यावर जीभ आणि हिरड्या आक्रसतात, त्याला टॅनिन कारण असतं, असं पुस्तक चार पानांत समजावतं. इथल्या पोराला ते चार सेकंदांत समजतं, कारण त्याने घाई करून अर्धकच्चं टेंभरुण खाल्लेलं असतं. तेंदूची पानं विडीला जातात तेव्हा जिल्ह्याला मजुरी मिळते, आणि तेंदूचं फळ कच्चं खाल्लं की टॅनिनचा धडा मिळतो. तेच टेंभरुण पिकलं की तोंड मवाळ होतं. वाईन मुरल्यावर टॅनिन मवाळ होतं म्हणतात, ते याहून फार वेगळं जाणवत नाही. नाशिककडच्या सोव्हिन्यॉं ब्लां या पांढऱ्या वाईनमध्ये ढोबळी मिरची आणि कापलेल्या गवताचा वास शोधावा, तो तिथे असण्याला रसायनाचा आधार आहे. चेनिन ब्लां या दुसऱ्या पांढऱ्या वाईनमध्ये पेरू बघावा, गोडसर प्रकारात मध. जांभूळ आणि करवंद ही लाल वाईनसाठी राखून ठेवावीत, ब्लॅककरंटच्या जागी ती जातीने उभी राहतात. आणि मोह? फाल्गुन-चैत्रात पहाटे झाडाखाली पडलेल्या ताज्या फुलाचा वास एक, आणि अंगणात वाळून मनुकेसारखं झालेल्या फुलाचा दुसरा. ताज्या आणि सुकवलेल्या फळाच्या वासातला फरक ओळखणं हा वाईनच्या परीक्षेतला अवघड प्रश्न समजला जातो. सालेकसा-देवरीकडच्या घरात तो परडीत पडलेला असतो. मोहाचं पुढे काय करतात, हा प्रश्न इथे कोणी विचारणार नाही, कारण उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे.

एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवली पाहिजे, नाहीतर घरात भांडणं होतील. शिराझ नावाच्या लाल वाईनमध्ये काळ्या मिरीचा वास असतो. हा भास नाही. मिरीत जो रेणू आहे तोच त्या द्राक्षाच्या सालीत असतो. पण संशोधकांना असं दिसलं की पाचांपैकी साधारण एका माणसाला तो रेणू मुळीच जाणवत नाही, कितीही हुंगा. तेव्हा घरातला एकजण “मिरी आहे” म्हणाला आणि दुसरा “काहीच नाही, तू बाता मारून राहिला” म्हणाला, तर दोघंही खरं बोलत असतील. घरगुती वादात दोन्ही बाजू एकाच वेळी खऱ्या असण्याचे प्रसंग थोडे. हा त्यातला एक.

आता तापमान. लाल वाईन ‘खोलीच्या तापमानाला’ द्यावी हे वाक्य ज्याने प्रथम लिहिलं त्याची खोली फ्रान्समध्ये होती, दगडी होती आणि तिथे हिवाळ्यात हीटर नव्हता. ती खोली सोळा ते अठरा अंशांची. गोंदियाची खोली मे महिन्यात चव्वेचाळीसच्या उन्हाखाली असते, आणि या तापमानाला वाईनमधला फळांचा वास पळून जाऊन नुसता अल्कोहोलचा भपका उरतो. तो हुंगून जी माहिती मिळते ती दवाखान्यातल्या कापसातूनही मिळते. फ्रिजमध्ये ठेवावी तर तिथे चार-पाच अंश. इतक्या गारठ्यात वास गोठून बसतो आणि टॅनिन कडवट होतं. पांढऱ्या वाईनला आठ ते बारा अंश लागतात, ती फ्रिजमधून काढून थोडी थांबली की जमते. लाल वाईनचा पेच मोठा. माठ चालेल का? कोरड्या उन्हाळ्यात माठ मर्दासारखं काम करतो, पण बाष्पीभवनाची मर्यादा त्यालाही आहे. पंचविशीच्या खाली तो सहसा उतरत नाही. कुलरसमोर बसून पिण्याचा बेत सर्वात फसवा, कारण वाळ्याच्या ताट्यांतून येणारा वारा खोलीभर वाळ्याचाच वास पसरवतो आणि मग फ्रेंच असो की नाशिकची, प्रत्येक वाईन वाळ्याचीच लागते. त्यात लाइट गेली तर चर्चाच संपली.

पण निसर्गाने हा हिशेब दुसऱ्या टोकाला चुकता केला आहे. डिसेंबर-जानेवारीत विदर्भातल्या सर्वात कमी तापमानाच्या बातमीत गोंदियाचं नाव वारंवार येतं. पारा दहाच्याही खाली जातो. बाहेर आठ-नऊ, घरात सोळा-सतरा: फ्रेंच माणसाची ती दगडी खोली दोन महिने गोंदियात मुक्कामाला येते. धान कापून झालेला असतो, चुरणं झालेलं असतं, मंडई नावाच्या गावजत्रांचे दिवस असतात, दंडार आणि नाटकं बघायला पाहुणे आलेले असतात. लाल वाईनचा अभ्यास करायला याहून योग्य हंगाम सापडणार नाही. मध्ये मार्गशीर्षातले गुरुवार येतात तेवढे सोडून द्यावेत, आठवड्याला सहा दिवस कोणत्याही अभ्यासक्रमाला पुरतात.

पेल्याविषयी फार बोलण्यासारखं नाही. स्टीलचा ग्लास नको, त्यात रंग दिसत नाही. प्लास्टिकचा नको, त्याला स्वतःचा वास असतो. पोट फुगीर आणि तोंड किंचित निमुळतं असं काचेचं काहीही चालतं, कारण निमुळत्या तोंडाने वास आत कोंडून राहतो. हा आकार ज्याने सर्वात आधी साधला तो आपला गडू. पारदर्शक गडू निघाला असता तर युरोपाला देठाचे ग्लास विकता आले नसते. पेला तिसरा हिस्सा भरावा, काठोकाठ नव्हे. पाहुण्याला अर्धा पेला देणं इथल्या रिवाजात अपमान आहे हे खरं, म्हणून पाहुण्याला आधी पाणी काठोकाठ भरून द्यावं.

इथे एक शहाणा गृहस्थ उठून म्हणेल की हे सगळं थोतांड आहे, आणि त्याच्याकडे पुरावाही असेल. २००१ मध्ये बोर्डो इथल्या संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. वाईनशास्त्र शिकणाऱ्या ५४ जणांना पांढरी वाईन दिली आणि नंतर तीच वाईन, बिनवासाचा लाल रंग घालून. त्यांनी लाल रंगवलेल्या पांढऱ्या वाईनचं वर्णन लाल वाईनच्या शब्दांत केलं. २००८ मध्ये कॅलिफोर्नियात दुसऱ्या प्रयोगात तीच वाईन स्वस्त म्हणून आणि महाग म्हणून पाजली, तर महाग म्हणून पाजलेली लोकांना अधिक आवडली. त्याच वर्षी रॉबर्ट हॉजसन या संशोधकाने दाखवून दिलं की तिथल्या एका नामांकित स्पर्धेतल्या पंचांना एकाच बाटलीतली वाईन तीनदा दिली, तर तिन्ही वेळा जवळपास सारखेच गुण देणारे दहातून एखादेच निघतात. गृहस्थाचे पुरावे मला सगळे मान्य आहेत. त्याचा निष्कर्ष मात्र मान्य नाही. या प्रयोगांतून नाक खोटं ठरत नाही. ठरतं ते एवढंच की नाकाच्या आधी डोळा बोलतो आणि डोळ्याच्याही आधी किमतीची चिठ्ठी. तांदळात काय वेगळं होतं? घासूनपुसून चकचकीत केलेला पांढरा तांदूळ लोक जास्त भावाने नेतात, आणि त्याच्याहून चवीला सरस असलेला मळकट दाणा पोत्यात राहतो. म्हणून कोणी तांदळाला चव नसते असं म्हणत नाही. उपाय साधा आहे: बाटलीला जुनं धोतर गुंडाळायचं, किंमत एकट्याने जाणायची आणि सगळ्यांची मतं कागदावर येईपर्यंत तोंड मिटून बसायचं. तिसरी अट पाळणं सर्वात कठीण जाईल, कारण ज्याने पैसे दिले त्याला ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे आणि त्याला हसून टाळता येत नाही. वाईन शेवटी दारूच. २७ जानेवारी २०२२ ला राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत वाईन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं, तेव्हा एवढा गदारोळ झाला की बाटली साबणाच्या शेजारी काही बसली नाही. शेजारच्या गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, चंद्रपुरात २०१५ ते २०२१ होती, आणि या बंद्यांमागे ज्या बायका मोर्च्यात उतरल्या त्यांनी दारू पुस्तकात वाचली नव्हती, घरात पाहिली होती. त्यांच्यापुढे ‘वाईन हृदयाला चांगली’ असलं काही पुटपुटू नये. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की दारूचं निर्धोक असं प्रमाणच नाही, आणि वाईनला त्यातून सूट नाही. ज्या घरात पिण्याचं व्यसन आहे तिथे अभ्यासाच्या नावानेही बाटली येऊ नये. आणि कायद्याने वाईनला वयाची एकवीस वर्षं, कडक दारूला पंचवीस, हे पोरांसमोर आधीच स्पष्ट करावं. पण या आक्षेपाचं उत्तर खुद्द चाखण्याच्या पद्धतीत थोडंसं आहे. चाखणारा पक्का माणूस वाईन गिळत नाही, तोंडात घोळवून थुंकतो. साडेसातशे मिलीलीटरची एक बाटली पंधरा-सोळा जणांना पुरते आणि संध्याकाळी सगळे सायकलवर सरळ घरी जाऊ शकतात. थुंकणं ही या विद्येतली अवघड पायरी समजली जाते. युरोपात लोक त्याचा सराव करतात, लांबून नेम धरून भांड्यात धार सोडायला शिकतात. विदर्भात या बाबतीत शिकवण्यासारखं काही उरलेलं नाही. खर्रा घोटून तोंडात धरणारा माणूस चालत्या गाडीवरून भिंतीचा कोपरा साधतो. त्याला फक्त एवढंच सांगावं लागेल की या वेळी भांड्यात.

दुर्दैवाने हाच माणूस परीक्षेत नापास होतो. तंबाखू, चुना आणि सुपारीने त्याची जीभ बधिर झालेली असते, आणि विडीच्या धुराने नाक. थुंकीला पहिला, चवीला शेवटचा. अशा घरात शाबूत नाक कोणाचं, याचा शोध घेतला तर तो बहुधा स्वयंपाकघरात संपतो. वासांची नावं ओळखण्याच्या चाचण्यांत बायका पुरुषांपेक्षा थोड्या सरस ठरतात, असं अनेक अभ्यासांत आढळलं आहे, आणि पुढच्या खोलीत बसून मागच्या चुलीवरची लाखोळीची डाळ कधी लागायला आली हे सांगणाऱ्या बाईला त्यात नवल वाटणार नाही. तरीही बाटली आली की ती बैठकीत जाते आणि बाई मासे तळायला आत. इटियाडोह धरणातले किंवा गावच्या मामा (माजी मालगुजारी) तलावातले ते मासे, लसूण-तिखट लावलेले, आणि त्यांच्यासोबत कोणती वाईन शोभेल यावर बाहेर वाद. कडक टॅनिनची लाल घेतली तर तिखट दुप्पट जाळतं आणि माशाला लोखंडाची चव येते. किंचित गोडसर, थंड चेनिन ब्लां तिखट निवळवते. हे बाहेरच्यांना तिसऱ्या बाटलीपर्यंत उमगत नाही. आतली, तळणीच्या धुरातून एकदा पेला नाकाशी नेऊन, “हे नाही, ते पांढरं द्या” म्हणून मोकळी होते.